मोरपीस, पंचवीस

३ ऑक्टोबर, मंगळवार

मुकी केली! माझी गाडी मुकी केली त्या पान्याने!

काल संध्याकाळी सर्व्हिसिंग करून आणून सोडली. आज सकाळी किल्ली फिरवली, चोक अर्धा ओढला, इंजिन लागलं. आणि मी वाट बघत बसलो — टिकटिक येईचना! व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या टॅपेटची ती टिकटिक, जी गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी मला ‘चला सर, तास सुरू झाला’ म्हणते, ती गप्प. नुसता गुरगुराट. जेवून झोपलेल्या मांजरासारखा.

ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, “किती छान, आवाजच नाही!”

छान? अगं, आवाज नाही म्हणजेच घोटाळा! बोलणारं टॅपेट दगा देत नाही, मुकं देतं. एकतीस वर्षं वर्गात हेच सांगितलं. पोरं वहीत लिहून घ्यायची. घरात ऐकून घ्यायलासुद्धा कुणी नाही.

इंजिन गार होऊ दिलं. स्टूल ओढलं. वरचं झाकण काढलं — गुडघ्याने दोनदा शिव्या दिल्या — आणि फिलरच्या पट्ट्या घालून टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट मोजली. डोकंच फिरलं! इनलेटची पंधरा, एक्झॉस्टची पंचवीस! मिलिमीटरचे शंभर तुकडे केले तर त्यातले पंधरा आणि पंचवीस — केसाची गोष्ट, पण सगळं इंजिन त्या केसाला लोंबकळतं. एखादा व्हॉल्व्ह चुकला असता तर म्हटलं असतं, पट्टी सरकली. सहाच्या सहा उलटे! म्हणजे या माणसाने डोकं शांत ठेवून, एकेक करून, नीट चूक केली आहे!

आणि हा कोण? माझाच विद्यार्थी. पहिल्या बाकावरचा. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून मीच त्याला पान्या म्हणायला लागलो. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पोट पुढे आलंय, कमरेला डॉक्टरांनी पट्टा दिलाय. आणि आता याला शिक्षक व्हायचंय! आमच्याच संस्थेत, मोटार मेकॅनिकच्या वर्गावर. माझ्या खुर्चीत! प्राचार्यांचं पत्र परवाच आलं — ‘उमेदवार आपला विद्यार्थी असल्याने आपला अभिप्राय निर्णायक राहील.’

निर्णायक काय! देतो की निर्णायक!

४ ऑक्टोबर, बुधवार

सहाही टॅपेट माझ्या हाताने सरळ केली. पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, आज तीन तास लागले. इतकी वर्षं या इंजिनाच्या टॅपेटला माझ्याशिवाय कुणाचा हात लागू दिला नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा रुसला, म्हणून हिने परस्पर गाडी पान्याकडे धाडली — आणि पहिल्याच फटक्यात हा दिवा लावला त्याने.

काम करताना कविता म्हणत होतो. अजून चालीसकट येते.

गार वारा मोरपीस,
फट त्याची पंचवीस.
धूर म्हणजे निखारा,
त्याला पुरेत पंधरा!

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केली. पोरांना आकडे म्हटले की झोप. तीन सिलिंडर, आठशे सीसी, सदतीस घोडे, प्लगची फट अमुक, पॉइंटची तमुक — सकाळी सांगावं, दुपारी पाटी कोरी. पण हीच पोरं शाळेतल्या कविता कशा घडाघडा म्हणायची! मग मला माझी शाळा आठवली. भिंतीला टेकून, डोळे मिटून चाल लावणारे मास्तर. साठ पोरांचा एकच आवाज. खिडकीबाहेर ओकंबोकं मैदान. गणिताचं एक अक्षर उरलं नाही डोक्यात, पण कविता दातांसारख्या पक्क्या — दातांहून पक्क्या, दात केव्हाच गेले. म्हटलं, इंजिन कवितेत घालू. ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन, तर —

एक झाला, तीन झाला,
दोन मागून जेवला.

हे एकही पोरगं कधी विसरलं नाही!

टॅपेटचं तर फारच सुंदर जमलं होतं. व्हॉल्व्ह म्हणजे दार. इनलेट हे पुढचं दार, त्यातून गार हवा आणि पेट्रोल आत येतं. ती येते कशी — अंगावरून मोरपीस फिरावं तशी! तिला मोकळी वाट हवी, पंचवीस. एक्झॉस्ट हे मागचं दार, तिथून जळका धूर बाहेर पडतो. धूर डांबरट, बोटभर वाव दिला की हात धरणार. त्याला पंधरा पुरे. वर्गात ‘मोरपीस’ म्हटलं की मागच्या बाकावरची दांडगट पोरंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. कुठल्या इंजिनाला मिळालंय असं भाग्य?

झाकण बसवलं, किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक. आली माझी लेक परत!

ही म्हणाली, “गाडीचं तोंड उघडलं, आता तुमचं बंद होईल अशी आशा आहे.”

५ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारातून जाऊन आलो. टिकटिक छान. राग मात्र उतरत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

पान्या आला होता. पत्राची आठवण करायला. तोंडाने म्हणाला मात्र, “सर, गाडी कशी चाललीय बघायला आलो.”

“चाललीय. मी नीट केल्यापासून.”

त्याच्या हातातला कप ओठाजवळच थांबला. “नीट म्हणजे... टॅपेट फिरवलीत सर?”

“तू उलटी लावलीस, मी सुलटी केली.”

त्याने हिच्याकडे बघितलं. ही ट्रेमध्ये काहीतरी शोधायला लागली — रिकाम्या ट्रेमध्ये!

“कविता म्हण,” मी म्हटलं.

“आत्ता, सर?”

“आत्ता. टॅपेटची.”

उठून उभा राहिला! पन्नाशीचा बाप्या, कमरेला पट्टा, हात मागे बांधून, नजर समोर. चारी ओळी खणखणीत म्हटल्या. चालीसकट. एका मात्रेची चूक नाही. आणि माझं डोकं पुन्हा भडकलं. येतंय! याला सगळं येतंय!

“मग तोंडाने एक आणि हाताने भलतंच का?”

“घाईत झालं असेल सर.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

लाज नाही, शरम नाही! ‘आज पाऊस नाही’ म्हणावं तसं म्हणाला. अशा माणसाच्या हाती मी वर्ग द्यायचा? त्याचा एक हात चुकला की वीस पोरांचे चाळीस हात चुकणार. गावभर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत सुटतील!

मग नोकरीचं बोलला. फार नाही, दोन-तीनच वाक्यं. “यंदाच काय ते सर, पुढच्या वर्षी वय बसत नाही.” आणि — “गाडीखाली झोपतो, पण उठताना दोघं लागतात. डॉक्टर म्हणतात, एक दिवस उठायलाच येणार नाही.” हिने लगेच डोळ्याला पदर लावला. फितूर!

मी म्हटलं, “बघतो.”

जाताना दारात वळून काय म्हणावं? “सर, चढाला जरा बेताने. आणि एक दिवस गाडी मला परत द्या, जमलं तर.”

म्हणजे पुन्हा उलटी करायला! गुरूची विद्या गुरूलाच!

८ ऑक्टोबर, रविवार

प्राचार्यांना पत्र लिहिलं. तीन वेळा. पहिलं फार तिखट झालं, दुसरं फार काव्यमय. तिसरं बरं आहे —

‘उमेदवार सालस, कष्टाळू व हाताने चलाख आहे. तथापि टॅपेटच्या फटीसारख्या प्राथमिक बाबीत त्याने नुकतीच माझ्या स्वतःच्या वाहनावर गंभीर चूक केली, व ती दाखवून दिल्यावर खेदही व्यक्त केला नाही. ज्याचे ज्ञान जिभेवर आहे पण हातात नाही, त्याच्या हाती विद्यार्थी सोपवावेत असे मला वाटत नाही.’

हिला वाचून दाखवलं. तिने कागद हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली, “पाठवायच्या आधी एकदा पुस्तकात तरी बघा.”

“कसलं पुस्तक?”

“इंजिनाचं. काय असेल ते.”

मी! पुस्तकात! ज्याने एकतीस वर्षं पुस्तक शिकवलं, त्याने! हिला टॅपेट म्हणजे नळाची चकती वाटते आणि ही मला पुस्तक बघायला सांगते!

“रागात लिहिलेलं पत्र उशाखाली ठेवावं एक रात्र,” म्हणाली.

ठेवलं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

पत्र पेटीत टाकलं. तळाला टप्प झालं. कर्तव्य कठोर असतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

शेजारच्यांचा जावई फाटकावर टेकून म्हणतो, “काका, हे प्रदर्शनात ठेवा किंवा भंगारात द्या. सुट्टे भाग तरी मिळतात का?” त्याची स्वतःची गाडी कशी, तर बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं एक मोठं झाकण. खाली काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही, देवालाही नाही. दिवा लागला की कंपनीत न्यायची, ते कॉम्प्युटर लावणार, कॉम्प्युटर म्हणणार — बदला! अरे, दुरुस्ती म्हणजे काय बदली का?

माझ्या इंजिनाची दुखणी मला नावानिशी माहीत आहेत. सकाळी चोक अडकतो — तारेला तेलाचा थेंब. चढावर गुदमरते — कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, फुंकर मारा, बास. पावसाळी हवेत सुरू होत नाही — डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरलीय, कोरड्या फडक्याने पुसा. गर्दीत काटा वर चढतो — पंख्याचा स्विच रुसलाय. पॉइंट झिजले की पिकअप जातो. आणि टायमिंग बेल्ट! तो मात्र न सांगता तुटतो, सभ्य माणसासारखा. म्हणून साठ हजार किलोमीटरला डोळे मिटून बदलायचा. यात गूढ काय आहे? घरातल्या म्हाताऱ्याच्या तक्रारींसारखंच. कान द्यायचा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तेवढा तीनदा जळला. त्यात इंजिनाचा दोष नाही. पेट्रोलमध्ये भेसळ! दर वेळी मी पंपावर जाऊन भांडलोय, एकदा तर मॅनेजरला लेखी दिलंय. तिन्ही वेळा व्हॉल्व्ह बदलून दिला पान्यानेच. हेड बसवून द्यायचा आणि टॅपेट माझ्यासाठी सोडायचा. “ते तुमचं काम सर.” तेव्हा जागा ओळखून होता!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

जे व्हायचं तेच झालं.

पाण्याच्या टाकीचा चढ. हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. अर्ध्या चढावर गाडी लंगडायला लागली. एक-तीन-खड्डा. एक-तीन-खड्डा. दोन नंबर जेवायलाच येईना! मागून हॉर्नवर हॉर्न. ही म्हणाली, “उतरून ढकलू का?” सत्तरीला टेकलेली बाई! रिक्षाने गेलो आणि रिक्षानेच आलो.

दुपारी गार झाल्यावर प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. एक नंबर बारा किलो. तीन नंबर साडेअकरा. दोन नंबर — पाच! दोन चमचे तेल घालून पुन्हा मोजलं, तरी पाचच. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. मागचं दार लागत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. चौथ्यांदा!

पान्याचे प्रताप! एका दिवसासाठी पंचवीस ठेवून गेला आणि माझ्या व्हॉल्व्हचा घास घेतला. आता नुसत्या पत्राने भागणार नाही. पुस्तकातल्या पानाची नक्कल जोडून दुसरं पत्र! पुरावाच हवा ना हिला? घे म्हणावं पुरावा!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पान्याला दिवसभरात चार वेळा फोन केला. उचलत नाही. चोराच्या मनात चांदणं!

१४ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू?

संस्थेत गेलो होतो. ग्रंथपाल बाई नवी आहे, पण भली. त्या इंजिनाचं पुस्तक मागच्या कपाटातून काढून दिलं. पानांवर पोरांच्या तेलकट अंगठ्यांचे ठसे. कुणाचे ते मला ओळखता येतील असं वाटलं. तक्ता उघडला.

व्हॉल्व्हची फट, गार इंजिन. इनलेट ०.१५. एक्झॉस्ट ०.२५.

“छापखान्याची चूक!” मी ओरडलोच. “कंपोझिटर झोपला होता! दुसरी आवृत्ती काढा!”

बाईंनी दुसरी काढली. तेच. मी म्हटलं, एकीवरून दुसरी छापली असणार, चुकीला चूक. तणतणत वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे ते कापलेलं इंजिन अजून उभं आहे, पोटातलं दाखवणारं, मीच रंगवलेलं — निळ्या रंगात गार हवा, लाल रंगात धूर. वर भिंतीवर माझ्याच अक्षरात माझी कविता. आणि खाली, इंजिनाच्या कुशीत, कंपनीने ठोकलेली पत्र्याची पट्टी. बोटाने धूळ पुसली.

पंधरा. पंचवीस. इन. एक्झॉ.

कवितेपासून दोन हातांवर! एकतीस वर्षं मी त्या पट्टीकडे पाठ करून, भिंतीकडे बोट दाखवत शिकवलं!

तिथेच बाकावर बसलो. लोखंड तापलं की लांबतं — हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो. मागचं दार सगळ्यात जास्त तापतं — हे दुसऱ्या तासाला. मग मागच्या दाराला फट जास्त हवी हे सातवीतलं पोर सांगेल! लांब झालेला व्हॉल्व्ह पंधरात मावत नाही, दार किलकिलं राहतं, ज्वाळा त्या फटीतून निघते, कड जळते. भेसळ नाही, पंप नाही, पान्या नाही. मी. चारी वेळा मी. त्या पंपाच्या मॅनेजरला मी काय काय बोललो होतो!

आणि एकदा बाहेरून आलेला परीक्षक, जाड भिंगाचा, हळूच म्हणाला होता, “सर, आपलं हे उलटं नाही ना?” मी त्याला म्हटलं होतं, “आपल्याला वृत्तातलं कळतं का काही?” बिचारा चहा न घेता गेला.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतोय? ‘वारा’ आणि ‘पंधरा’! यमक दारात हात जोडून उभं होतं! गार वारा — पंधरा! बरोबर आकडा, बरोबर यमक, आणि मी ते सोडून मोरपीस शोधत रानोमाळ हिंडलो! पंचवीसला जुळतं म्हणून मोरपीस घेतलं, का मोरपीस आवडलं म्हणून पंचवीस घेतले? आता आठवत नाही. बहुधा दुसरंच. कवीसुद्धा झालो नाही धड. शिक्षक तर नव्हतोच.

पत्र! पत्राचं काय? धावत कार्यालयात. कारकून म्हणाला, “साहेब बाहेरगावी. सोमवारी येतील. टपाल टेबलावर आहे.” म्हणजे अजून हातात दोन दिवस आहेत. सुटलो!

हिला काही सांगितलं नाही. जेवलो नाही म्हणून तिने कपाळाला हात लावून बघितला.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला पान्या दारात. हिनेच बोलावलेला. कमरेला पट्टा, हातात पेटी, शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेला नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

“दोन नंबरच ना सर?”

“न बघता?”

“आपला नेहमी दोन नाहीतर तीन जातो. एक नंबरला रेडिएटरचं गार पाणी आधी पोचतं, तो वाचतो.”

दिवसभर काम चाललं. खाली वाकता येत नाही म्हणून एक पाय विटेवर ठेवून काम करत होता, दर दहा मिनिटांनी सरळ होऊन छताकडे बघायचा. मी टॉर्च धरला. हेड निघालं. दोन नंबरचा व्हॉल्व्ह हातात दिला — उंदराने वहीची कड कुरतडावी तसा. नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून, काठी तळव्यात फिरवत घासायला बसला. खर्र-खर्र. खर्र-खर्र. तेव्हा मी म्हटलं.

“पान्या, कविता चुकलेली आहे.”

हात थांबला नाही. “हो सर.”

“हो सर? तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्या नोकरीपासून. आठवडाही झाला नव्हता. उस्तादाने अशी कानाखाली काढली! म्हणाला, हे कुठल्या मास्तरने शिकवलं?”

“मग?”

“मी म्हटलं, मीच विसरलो.”

खर्र-खर्र.

“नंतर कळलं, मागच्या पुढच्या सगळ्या बॅचना कुणी ना कुणी अशीच दिलीय. मग आमचं ठरलं. म्हणायची सरांची, लावायची उलटी.”

“आणि परीक्षेत?”

“परीक्षेत सरांचीच! पेपर तुम्ही तपासायचात!”

ही दारात उभी. हसली! मी वळून विचारलं, “तुलाही माहीत?”

“दुसऱ्यांदा जळला तेव्हा यानेच सांगितलं. मला वाटलं, कळेल तुमचं तुम्हाला.”

असा भडकलो! “एकतीस बॅचा! पाचशेच्या वर पोरं! एकालाही तोंड नव्हतं? माझ्या तोंडावर ‘वा सर’ आणि गॅरेजात जाऊन हसत होता? आणि तू — माझ्याच घरात! मला काय कुकुल्या बाळासारखं सांभाळत होता?” टॉर्च आपटणार होतो, पण त्याच्या उजेडात त्याचं काम चाललं होतं.

पान्या म्हणाला, “हसलं कोणी नाही सर. तुम्ही ती म्हणायचात तेव्हा डोळे मिटायचात. कोण बोलणार मध्येच?” मग बोटाची पेस्ट पुसत — “आणि खरं सांगू का? पुस्तकातलं सुलटं एकाच्याही लक्षात राहिलं नसतं. तुमचं उलटं आहे म्हणून राहिलं.”

हे सांत्वन की टोमणा? अजून ठरवता आलेलं नाही.

“टॉर्च जरा डावीकडे, सर.”

मी डावीकडे धरला. आणि मग ते दुसरं, खरं अवघड होतं ते. “पान्या, पत्र... मी भलतंच लिहून पाठवलंय. तुझ्याविरुद्ध. पण काळजी नको. प्राचार्य उद्या येतायत, टपाल तसंच पडलंय. उद्या नवीन देतो. सगळं खरं लिहितो.”

तो व्हॉल्व्ह उजेडात धरून कड बघत होता. बराच वेळ बघितलं. म्हणाला, “द्या सर. सावकाश द्या.”

पाच वाजता हेड बसलं. टॅपेट लावायची वेळ आली. त्याने फिलर माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला. “तुमचं काम सर.” इनलेट पंधरा, एक्झॉस्ट पंचवीस. सहाही लावली. कविता म्हटली नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पहाटेपासून लिहिलं, एका बैठकीत, यमक न शोधता. ‘माझे पूर्वीचे पत्र रद्द समजावे. एकतीस वर्षे मी या संस्थेत टॅपेटची फट उलटी शिकवली. उमेदवाराने ती तेवढीच वर्षे सुलटी लावली, व ज्याने चुकीचे शिकवले त्याचे नाव मार खाऊनही सांगितले नाही. इंजिनाचे व माणसाचे जे ज्ञान त्याच्या हातात आहे, ते माझ्या जिभेवरही कधी नव्हते. वर्ग त्याचाच आहे.’ शेवटी लिहिलं, भिंतीवरची कविता पुसून टाकावी, खर्च मी देईन.

स्वतः नेऊन दिलं. साहेब बैठकीत होते. कारकुनाकडून पोच घेतली, शिक्क्यासकट. ही बरोबर होती. येताना म्हणाली, “आज किती वर्षांनी सरळ चालताय.” मी म्हटलं, “गुडघा बरा आहे म्हणून.”

१७ ऑक्टोबर, मंगळवार

पाण्याच्या टाकीचा चढ तिसऱ्या गिअरवर! आवाज नाही. त्या शांततेची सवय करतोय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

प्राचार्यांचं उत्तर आलं. चार ओळी. ‘आपल्या ९ तारखेच्या पत्राचा मान राखून निवड समितीने १३ रोजी दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक केली असून, आपल्या विद्यार्थ्यास कारणासह त्याच दिवशी सकाळी कळविले आहे. आता बदल शक्य नाही, क्षमस्व.’

तेरा. शुक्रवार.

माझ्याकडे तो आला रविवारी.